मुका कॉम्प्युटर

चाकणच्या आमच्या कंपनीत स्पीकरवरून सूचना देण्याचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो आणि रोज सकाळी सुरू केला की मुका असतो. मग मेंटेनन्सच्या भाऊंना फोन जातो. भाऊ जवळच्याच गावचे. येऊन आधी हात पुसतात, खुर्ची झटकतात, स्क्रीनवर आवाजाचा मिक्सर उघडून त्यातली पट्टी वर सरकवतात आणि माइकवर फुंकर मारून विचारतात, "हाय का आवाज?" तोवर मी चहा मागवलेला असतो.

मध्यंतरी ते जत्रेसाठी तीन दिवस रजेवर गेले. आम्ही धास्तावलो, पण कॉम्प्युटर तिन्ही दिवस सुरू करताच खणखणीत बोलला. भाऊ कामावर आले आणि दुसऱ्याच सकाळी तो पुन्हा मुका.

मी विचारलंच. भाऊ जराही वरमले नाहीत.

"रजेवर जाताना आवाज सेव्ह करून जातो की राव, आलो की पुसतो. तुमची अडचण व्हायला नको."

"मग कायमचाच का नाही करत?"

भाऊंनी बशीत चहा ओतला. "मग मला हिकडं कोन बोलवंल?"

जाताना त्यांनी आवाज सेव्ह करायची ती एका ओळीची कमांड मला कागदावर लिहून दिली.

कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आज सकाळी भाऊंना फोन मीच लावला.