आरशासारखा दांडा

हत्यारांचा नुसता वास आला तरी किमिए नाक दाबायची. जपानातल्या मिकी गावात घरटी एक लोहार, तिचा जन्म तिथंच गेलेला, पण असा वीट कधी आला नव्हता. कारण नवरा, मासानोबु. अडतीस वर्षं विमा कचेरीत खर्डेघाशी केली, साधा खिळा कधी ठोकला नाही, आणि निवृत्त झाल्या झाल्या स्वारी सुतार व्हायला निघाली.

काम तरी केवढं? किमिएची आई तोमे खुब्याचं हाड मोडून इस्पितळात होती. महिन्याभरात लेकीकडे यायची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडल्या तर अंथरुणातून उठणार नाहीत. तेव्हा संडासाच्या भिंतीला धरायला एक लाकडी दांडा लावायचा, बस्स!

कोपऱ्यावरच्या दुकानदारानं सरळ सांगितलं, "नवशिक्याला पाच वस्तू पुरे. टेप, करवत, हातोडी, स्क्रूड्रायव्हर, पक्कड. उद्या काम उरकून मोकळे व्हाल."

"आणि रंधा?" मासानोबुनं विचारलं.

"त्याच्या वाटेला जाऊ नका साहेब. माणसं त्यातच म्हातारी होतात."

झालं! गेलाच हा वाटेला. रंध्याच्या पात्याला धार लावण्यात तीन आठवडे घातले. ओट्यावर धारेचा दगड, बशीत काळं पाणी, भातात लाकडाचा भुस्सा. शी! जेवता जेवता उठून दिव्यासमोर रंध्यानं तासलेला लाकडाचा पापुद्रा धरायचा. "अगं बघ, ह्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं!"

"अहो, माझ्या आईला वर्तमानपत्र नाही वाचायचं, संडासला जायचंय!" किमिए फणकारली.

तोमे यायच्या आदल्या दिवशी एकदाचा दांडा लागला. पक्का होता, खोटं कशाला बोला. आणि इतका गुळगुळीत, की कोऱ्या पांढऱ्या लाकडात चेहरा दिसावा.

"किती सुंदर!" म्हातारीनं दांड्यापुढे मान लववली. "मासानोबुसान, माझ्यासाठी एवढे कष्ट?"

मासानोबु फुलला. चौथ्या दिवशी किमिएनं संडासाच्या दाराच्या फटीतून पाहिलं, तर आई लटपटत भिंत चाचपत चाललेली. दुसऱ्या हातात फडकं, त्यानं दांडा पुसत होती. तेवढ्यात तिचा तोल गेला. किमिएनं धावत जाऊन तिला काखेत धरलं म्हणून निभावलं.

"अगं, दांडा का नाही धरलास?"

"माझे हात घामट, बाई. कोरं लाकूड, डाग पडेल. त्यांनी किती जीव ओतलाय त्यात."

किमिएच्या मस्तकात तिडीक गेली. आईला दांड्याजवळच खुर्चीत बसवून तिनं नवऱ्याच्या पेटीतली सर्वांत खरखरीत कानस उचलली आणि दांड्यावर करकरा चालवली. आवाज ऐकून मासानोबु धावत आला.

"अगं! सत्यानाश केलास!"

"तुमच्या त्या आरशानं आत्ता माझी आई मारली असती! किळस येते मला तुमच्या कारागिरीची!"

त्यानं ओरबाडलेल्या लाकडावरून हात फिरवला आणि रंधा घेऊन आला. "दोनच हात मारतो. होतं तसं होईल."

तोमे खुर्चीतून पुढे झुकली. चाळीस वर्षांत तिनं जावयाला कधी 'नको' म्हटलं नव्हतं.

"नको, मासानोबुसान," ती म्हणाली आणि दांडा मुठीत आवळून उभी राहिली. "आता धरवतो."