वीस आकडी सवत

आमच्या नाटक मंडळीच्या रंगपटात एक नवरा-बायको कामाला होते. तो आम्हाला चेहरे द्यायचा, ती केस. म्हणजे तो मेकअप करायचा आणि ती टोप विणायची. त्याला सगळे दादा म्हणत, तिला वहिनी. मी राजा झालो, भिकारी झालो, एकदा तर आदल्या वर्षीच्या माझ्याच नायिकेचा आजोबा झालो, ते या दोघांच्या हातून.

वहिनी नट्यांवर कधी जळली नाही. दादा त्यांच्या गालांवरून बोटं फिरवत असायचा आणि ही शांतपणे जाळीत केस ओवत बसायची. जळली ती एका संख्येवर.

दादाने भुवईच्या पेन्सिलीने आरशाच्या कोपऱ्यात ती लिहून ठेवली होती: ७८४३४६७६३८८३६७६४३४८७. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तीच. पहिले दहा अंक त्याच्या मनाचे, पुढचे दहा तेच उलटे. "दोन्ही गाल सारखे," तो म्हणायचा. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जाणार नाही, अशी त्याची खात्री होती. दोन, तीन, पाच, सात लावून झाले होते, दर वेळी बाकी उरली. अकराचा भागाकार चालू असताना खलनायकाची दाढी सुटली, हा धावला, आणि परत आल्यावर बाकी उरलीच असं धरून मोकळा झाला.

सोमवारी प्रयोग नसायचा. पूर्वी दोघं नदीकाठी फिरायला जायची. आता दादा कागद घेऊन बसायचा.

"घरात बोलावं तर नुसतं 'हूं'," माझा टोप बसवता बसवता वहिनी म्हणाली. "तिचा विषय काढला की तोंड सुटतं. मी इतकी वर्षं संसार केला. माझा वाढदिवस विचारा बघू त्यांना."

"तुम्ही विचारलात?"

"विचारला. म्हणाले, कितीने भाग जातो?"

शेवटी तिने शाळेत गणित शिकवणाऱ्या नणंदेला गाठलं. नणंद हसायला लागली. "वहिनी, उलटसुलट सारखी आणि वर वीस अंक? अंकांची संख्या सम असली की अशीला अकराने भाग जाणारच. एकाआड एक अंक मिळवून बघ, दोन्ही बेरजा सारख्या आल्या की झालं." वहिनीने मिळवले. इकडून छप्पन, तिकडूनही छप्पन.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी दाढी लावून खुर्चीत बसलो होतो, तेव्हा ती आत आली. "अहो, तुमच्या त्या महामायेला अकराने भाग जातो."

दादाचा हात माझ्या गालावरच थांबला. जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर त्याने भागाकार मांडला. बाकी शून्य. जिंकलेल्या नायिका मी पुष्कळ पाहिल्या, पण वहिनीच्या त्या चेहऱ्याची सर कुणाला नाही. दादा मात्र उत्तराकडे बघत हसू लागला: ७१३०४२५१२६२१५२४०३१७.

"अगं, हीसुद्धा दोन्हीकडून सारखी. आणि अंक एकोणीस. मधोमध हा सहा एकटा बघ. पहिलीला नाकच नव्हतं, हिला आहे."

"हिला लावा अकरा."

"लावला. आता नाही जात."

सवत घालवायला गेली, तर तिच्याहून देखणी धाकटी घरात आली. वहिनीने स्टूल ओढलं. "सरका. तेराने मी भागते."

ती जीभ दातात धरून भागत राहिली. पहिली घंटा झाली, माझी दाढी अर्धीच. बाकी शून्य. उत्तर ५४८४९४२४०४७८०९५४०९. दादाने ते दोन्ही बाजूंनी वाचलं. ना गाल, ना नाक. क्रीमच्या बोळ्याने त्याने आरशाचा कोपरा पुसला आणि माझी उरलेली दाढी चिकटवली, तीही वाकडी.

सोमवारी दोघं नदीवर गेली. पुढचं वहिनीनेच सांगितलं. दादा काडीने वाळूत रेघोट्या ओढत बसला.

"तिचीच आठवण येतेय ना?"

"आता कुठली? तूच मोडलीस."

वहिनीला तो शेजारी हवा होता. होताही, पण विझलेला.

"नवी करा हवं तर," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर. आणि नाक मी ठरवणार."

"कुठलं ठेवूया?"

"आधी गाल दाखवा," वहिनी म्हणाली, आणि पर्समधून पेन्सिल काढून तिने त्याच्या हातात दिली.