बाबा वर्तुळात बसले तेव्हा

बाबांचं विमान उतरायला तीन तास होते आणि मी घरातला देव लपवत होते. देव म्हणजे आपल्या देव्हाऱ्यातला नव्हे. खिडकीजवळच्या बुटक्या कपाटावर पाण्याचा मातीचा वाडगा, मिठाची वाटी, एक मेणबत्ती, ओकची वाळकी पानं आणि मागे आईचा फोटो. एवढाच पसारा. पण त्यावरून बाबांनी काही विचारलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं, की मी हेक्से आहे. चेटकिणीला जर्मनमध्ये हेक्से म्हणतात. मी आणि माझ्या तीन मैत्रिणी स्वतःला आपणहून तेच म्हणवून घ्यायचो.

आता माझे बाबा कोण, तर तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारे आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून बुवा-महाराजांचं पितळ उघडं पाडणारे. लिंबातून रक्त कसं काढतात, नारळ आपोआप कसा पेटतो, मंतरलेला अंगारा म्हणजे नुसती गोवरीची राख कशी असते, हे ते देवळासमोरच्या पारावर उभं राहून दाखवायचे. सातवीत असताना मीही जिभेवर कापूर पेटवून टाळ्या घेतल्या होत्या. आणि तत्त्वापुढे नातं नाही, हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं. काकांनी नव्या घरात सत्यनारायण घातला म्हणून बाबांनी अकरा वर्षं त्यांचं तोंड पाहिलं नाही. सख्खा भाऊ हो! मग माझी काय कथा? आईला जाऊन चार वर्षं झाली होती, मला भावंडं नाहीत. बाबांनी मला टाकलं असतं तर मला कुणी उरलं नसतं आणि त्यांनाही.

आई गेली तेव्हा आम्ही देहदान केलं. दहावं नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. कुरकुरणाऱ्या नातेवाइकांना बाबांनी नव्हे, मी गप्प बसवलं. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. मग हॅम्बर्गला परत आले आणि विमानातल्या खुर्च्यांचे बोल्ट किती ताण सोसतात याची गणितं करत बसले. मला रडूच येईना. वर्षभर नाही. शेजारी एक नर्स राहायची, पन्नाशीची, आडदांड, मोठ्यानं हसणारी. एका ऑक्टोबरात ती म्हणाली, आम्ही काहीजणी माझ्या बागेत जमतो, मेलेल्या माणसांचा दिवस असतो, साविन म्हणतात त्याला, येतेस का? मी मनात म्हटलं, आपली सर्वपित्रीच की ही. जी मला घरी कधी करू दिली नव्हती. मी गेले आणि त्या दिवशी पहिल्यांदा ढसाढसा रडले.

लोक विचारतात, तुमचा जादूवर विश्वास आहे का? अहो, मेणबत्ती पेटवली म्हणून एस-बान, म्हणजे इथली लोकल, वेळेवर येत नाही, हे इंजिनियरला कळतं. माझी श्रद्धा एवढीच, की वर्ष फिरतं, माती जिवंत आहे आणि ज्योतीसमोर चार माणसांत मोठ्यानं बोललेलं खोटं घशातून बाहेर पडत नाही. आम्ही वर्षातून आठ वेळा जमायचो, जमिनीवर मिठाचं वर्तुळ काढायचो, चार दिशांना नमस्कार करायचो. कुणाचं वाईट चिंतायचं नाही, कुणाला बरं करायचं आश्वासन द्यायचं नाही. बस.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं पहिले तीन दिवस माझं झालं. बाबा नुसते खिडकीशी उभे राहिले तरी मला धस्स व्हायचं. चौथ्या दिवशी ऑफिसातून आले तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाडगा, मीठ, मेणबत्ती, पानं, फोटो, सगळं ओळीनं मांडलेलं. ज्या कपाटात मी ते लपवलं होतं तेच त्यांनी जादा पांघरूण शोधायला उघडलं होतं. समोर ते हाताची घडी घालून बसलेले.

"कोण आहे तो?" त्यांनी विचारलं.

मला कळेचना. मग लक्षात आलं, त्यांना वाटत होतं मी कुणातरी महाराजाच्या नादी लागलेय. आयुष्यभर त्यांनी अशाच मुली सोडवून आणल्या होत्या. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"कुणी नाही, बाबा. मीच आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. हेक्से हा शब्दही सांगितला. अर्थासकट.

त्यांनी आईचा फोटो उचलून बघितला. मग म्हणाले, "आपल्या घरी आठ दिवस एक बाई राहिली होती. आठवते?"

आठवत होती. मी दहा वर्षांची होते. गावानं तिला चेटकीण ठरवून चटके दिले होते. बाबा तिला जीपमधून घेऊन आले आणि आई रोज सकाळी तिच्या पाठीला मलम लावायची. ती बाई जेवताना ताट मांडीत झाकून धरायची.

"ज्या शब्दापायी तिची पाठ सोलली तो शब्द तू हौसेनं मिरवतेस?" बाबा म्हणाले. "माझं तिकीट बदलून घे. मला इथे राहायचं नाही."

  इथेही त्याच शब्दासाठी बायका जाळल्या आणि म्हणून माझ्या मैत्रिणी तो मुद्दाम उचलून धरतात, हे मी सांगू शकले असते. पण त्या बाईच्या पाठीसमोर ते फुसकं वाटलं. मग उत्तर नसलं की माझं जे होतं तेच झालं. डोक्यात तिडीक गेली.

"न बघता निकाल? हे कुठलं विज्ञान?" मी ओरडले. "शनिवारी साविन आहे, या. प्रत्यक्ष बघा, हवे ते प्रश्न विचारा. मग खुशाल जा आणि पुन्हा माझं नाव घेऊ नका!"

 बाबा उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरोबर आहे. बघायला हवं."

शनिवारपर्यंत आम्ही घरात परक्यासारखे वावरलो. ते स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचे आणि कप विसळून पालथा ठेवायचे.

नर्सची बाग म्हणजे श्रेबरगार्टन, शहराच्या कडेला भाड्यानं मिळणारा जमिनीचा तुकडा, त्यात लाकडी खोपटं. दुपारी तीनला जमलो, तिला नंतर कामावर जायचं होतं. पाऊस बुरबुरत होता. बाकी दोघी, एक ग्रंथालयात काम करणारी आणि एक निवृत्त शिक्षिका. बाबांनी खिशातून वही काढली. त्यांचे ठरलेले प्रश्न मी जर्मनमध्ये सांगत गेले. तुमचा गुरू कोण? कुणीच नाही. दक्षिणा किती? केक आळीपाळीनं आणतो. आजार बरे करता? "हे बघा," नर्स हसून म्हणाली, "मी तीस वर्षं हॉस्पिटलात आहे. आजाराला डॉक्टरकडेच जायचं." बाबांनी काहीतरी लिहिलं. चेहरा दगडी. मला त्यांच्या हातातली वही हिसकावून घ्यावीशी वाटली.

मिठाचं वर्तुळ काढलं. बाबा बाहेर उभे राहतील असं मला वाटलं होतं, पण आतून नीट दिसतं म्हणाले आणि छत्री मिटून खुर्ची घेऊन आत बसले. मधोमध काचेच्या बरणीत मेणबत्ती. मातीचा वाडगा हातोहात फिरतो. ज्याच्या हातात वाडगा त्यानं आपल्या मेलेल्या माणसाशी बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. शिक्षिका नवऱ्याशी बोलली. ग्रंथालयवाली धाकट्या बहिणीशी. मग वाडगा माझ्याकडे आला.

दरवर्षी मी आईशी मराठीत बोलायचे. तिघींना एक अक्षर कळायचं नाही, म्हणून तर जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते तिथे बोलता यायचं. आता शेजारी एक माणूस असा होता ज्याला अक्षरन् अक्षर कळणार होतं. आई, बरी आहेस ना, एवढं म्हणून वाडगा पुढे देता आला असता. बाबांच्या वहीत काही वावगं गेलं नसतं. मी तोंडही उघडलं तसं बोलायला. पण ते घशातून बाहेर पडेना.

"आई," मी म्हटलं, "मावशीनं तुझ्या माहेरच्या देवीचा अंगारा हॉस्पिटलात पाठवला होता. तू म्हणालीस, लाव गं जरा कपाळाला, बरं वाटेल. मी तुला म्हटलं, आता तूसुद्धा? तुझ्या देखत ती पुडी कॉटखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. तू राहू दे म्हणालीस. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. चिमूटभर राख, आई. काय बिघडलं असतं माझं? मला माफ कर गं."

 बाबांकडे बघायची माझी छाती नव्हती. वही मिटल्याचा आवाज आला.

"मी लावला," बाबा म्हणाले.

नर्सनं ओठांवर बोट ठेवलं, पण ते माझ्याकडे बघत होते.

"तू खाली जेवायला गेलीस तेव्हा. डब्यातून पुडी काढली. कापसाच्या बोळ्यांखाली गेली होती. तिच्या कपाळाला लावला. ती डोळे मिटून बरं वाटलं म्हणाली."

"पण मी वर आले तेव्हा कपाळ कोरं होतं," मी म्हटलं. "मी हात फिरवला होता, बाबा."

"ओल्या रुमालानं पुसला. तू यायच्या आत."

"का?" मी केवढ्यानं तरी ओरडले. शेजारच्या बागेतला म्हातारा कुंपणावरून बघायला लागला. "चार वर्षं झाली बाबा! चार वर्षं मी हे उरावर घेऊन फिरतेय! पुसायला तुमचा हात कसा धजला? आणि मला सांगितलं का नाही?"

बाबांनी चष्मा काढला. पावसानं की कशानं, तो भिजला होता.

"तू जिन्यावरून येताना दिसलीस," ते म्हणाले. "मला तुझी भीती वाटली गं."