मुकादमाचा होकार

इस्पितळाच्या बागेत सगळे त्यांना तोंडावर मुकादम म्हणत आणि पाठीमागे भोंगा. आवाजच तसा होता. साधं ‘पाणी आणा रे’ म्हटलं तरी वरच्या मजल्यावरची नर्स खिडकीतून डोकावायची. नव्या माणसाला वाटायचं, मुकादम पहिल्याच दिवशी तापले. थोड्या दिवसांनी त्याला कळायचं की हे प्रेमानं विचारपूस करतात तेव्हाही असेच ओरडतात. लग्न झालं तेव्हा हा आवाज असा नव्हता, हे फक्त त्यांच्या बायकोच्या लक्षात होतं.

इस्पितळ मोठं होतं. फाटकापासून तातडीच्या विभागापर्यंतच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी जुनी उंच झाडं होती. पानगळीत रस्ता दिसेनासा व्हायचा, आणि पानं ओली असली की स्ट्रेचरची चाकं सरकायची. त्यामुळे पहाटेच पानं हटवावी लागत. मुकादम नोकरीला लागले तेव्हा हे काम झाडूनं चालायचं. पुढे पाठीवर बांधायचं पेट्रोलचं ब्लोअर आलं आणि ते पहिल्यांदा मुकादमांच्याच पाठीवर चढलं. पट्टे आवळायचे, दोरी ओढायची, हातातल्या नळीनं वारा मारत चालायचं. तासाभरात अर्धा रस्ता लख्ख. त्या दिवसापासून झाडू कोपऱ्यात गेला आणि मुकादमांचा रुबाब वाढला.

कानावर लावायची जाड आवरणं बऱ्याच वर्षांनी आली. मुकादमांनी ती खोलीतल्या खिळ्याला अडकवली ती कायमची. “माणसाला मशीनचा सूर ऐकू यायला पाहिजे. इंजिन कुठे अडतंय ते कानच सांगतो,” असं ते म्हणत. तो कानच हळूहळू त्यांना सोडून चालला होता. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग फोनवरची लेक. तिच्याशी बोलताना ते दोन वाक्यं मोठ्यानं बोलत आणि फोन बायकोच्या हातात देत. लेकीला वाटायचं, बाबा कामात आहेत.

त्यांनी स्वतःपुरती एक युक्ती काढली होती. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं आणि अंदाज बांधायचा. अंदाज नाही लागला तर मान हलवून ‘हो हो’ म्हणायचं. बहुतेक वेळा भागून जायचं. माणसं होकारावर खूष असतात, पुन्हा विचारायला येत नाहीत. बायको मात्र पिच्छा सोडत नव्हती. “एकदा कान दाखवून या. तुम्ही तर इस्पितळातच असता, तिथं जायला काय धाड भरलीय?” मुकादम चिडत. म्हणत, माझे कान ठणठणीत आहेत, तूच हल्ली पुटपुटतेस. खरी भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. कान गेलेल्या माणसाच्या हातात मशीन देत नाहीत, आणि मशीन गेलं की मुकादमकीही जाते.

त्यांच्या हाताखाली त्यांचा साडू होता, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचा कारखाना बंद पडल्यावर मुकादमांनीच साहेबांकडे शब्द टाकून त्याला चिकटवला होता. साडू म्हणजे मुकादमांचं उलटं टोक. बोलायचा कमी, तेही जमिनीकडे बघून. कुणी उपकार केले की जन्मभर दबून राहणाऱ्यातला. कामाला लागल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं स्वतःच्या पैशानं कानाची आवरणं आणली. मुकादम हसले, पण त्यानं ती रोज लावली.

त्या वर्षी पानगळीच्या तोंडावर जुन्या ब्लोअरनं मान टाकली. भांडारप्रमुखांनी, म्हणजे सगळी खरेदी बघणाऱ्या साहेबांनी, तीन मशीनं चाचणीला मागवली आणि मुकादमांना सांगितलं, वापरणार तुम्ही, तर निवडही तुमचीच. मुकादमांना त्या आठवड्यात जमिनीवर पाय ठेवणं अवघड झालं होतं.

सकाळी मागच्या मैदानात ओल्या पानांचे सारखे ढीग घातले. पहिलं मशीन बॅटरीचं. आवाज असा की शेजारी उभं राहून गप्पा माराव्यात. सुकी पानं त्यानं छान पळवली, पण जमिनीला चिकटलेली ओली पानं नुसती फडफडली, आणि ढीग संपायच्या आत बॅटरीनं राम म्हटला. दुसरं पेट्रोलचं, मध्यम ताकदीचं. धूर कमी, पाठीवर बरोबर बसायचं, ओला ढीगही सरकवायचं, फक्त दोनतीनदा फिरून वारा मारावा लागायचा. तिसरं सगळ्यांत मोठं. दोरी ओढल्याबरोबर मैदान हादरलं. रेस दिली तशी पानं, काटक्या, खडी, सगळंच उठलं आणि एका फेरीत कुंपणाला जाऊन भिडलं. दूर बाकावर बसलेल्या एका पेशंटनं दोन्ही हात कानांवर ठेवले. मुकादमांच्या चेहऱ्यावर मात्र लहान मुलासारखं हसू होतं. कित्येक दिवसांनी त्यांना काहीतरी नीट ऐकू आलं होतं.

मग तेच मशीन साडूनं चालवून पाहिलं. खाली उतरवताना तो छातीवरचा पट्टा सोडवत होता, मान खाली होती, आणि तशाच खाली मानेनं तो मुकादमांना काहीतरी म्हणाला. इंजिन अजून घरघरत होतं. मुकादम म्हणाले, “हो हो.” साडूनं वर पाहिलं, त्याचा चेहरा मोकळा झाला, आणि तो मशीन पुसायला लागला. भांडारप्रमुखांनी विचारलं तेव्हा मुकादमांनी मोठ्या मशीनवर हात ठेवला. साडू तेव्हा बाकीची दोन टेम्पोत चढवायला गेला होता.

मोठं मशीन आलं. काम झपाट्यानं व्हायला लागलं. साडू पहिल्या दिवशी त्या मशीनकडे बघत थोडा वेळ नुसताच उभा राहिला. मग त्यानं पट्टे आवळले.

थंडी सुरू झाली होती. स्वयंपाकघराच्या मागे एक अरुंद अंगण होतं. एका बाजूला धुलाईघराची भिंत, दुसऱ्या बाजूला माल उतरवायचा धक्का. वाऱ्यानं पानं तिथंच साचायची. साडू अंगणाच्या तोंडाकडे पाठ करून पानं भिंतीच्या कोपऱ्यात रेटत होता. भाजीचा ट्रक उलटा मागे घेत आत येत होता. मुकादम धक्क्यावर पाइप गुंडाळत होते. त्यांनी आधी ट्रक पाहिला आणि मग साडू. ते ओरडले.

सगळं इस्पितळ ज्या आवाजाला हसायचं तो आवाज त्यांनी होता नव्हता तेवढा लावला. धुलाईघरातल्या बायका बाहेर आल्या. साडूनं वळूनही पाहिलं नाही. मुकादमांनी धक्क्यावरून उडी मारली, घोटा मुरगळला, तसेच लंगडत धावले. तोवर ट्रक भिंतीपाशी पोचला होता.

मशीन चालूच होतं. साडूच्या पाठीवर, भिंत आणि ट्रक यांच्यामध्ये, ते पूर्ण जोरात चालत होतं आणि वरून पानं पडत होती. मुकादमांनी आत हात घालून बटण दाबलं. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून डोक्याला हात लावून बसला. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, की मागे घेतानाचा पीं पीं अख्खा वेळ चालू होता, आताही चालू आहे, ऐका. मुकादमांनी ऐकायचा प्रयत्न केला. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

डॉक्टर पन्नास पावलांवर होते, तरी उपयोग झाला नाही.

चौकशी पुढच्या आठवड्यात झाली. चौकशी अधिकारी बाई बाहेरून आल्या होत्या. त्यांना सर्दी झाली होती आणि रुमाल नाकातोंडावरून हलत नव्हता. मुकादम समोर बसले. त्यांना बाईंचे फक्त डोळे दिसत होते. एकदोन प्रश्नांची उत्तरं अंदाजानं जमली. मग बाईंनी एक लांबलचक प्रश्न विचारला आणि थांबल्या. मुकादमांनी मान हलवली. “हो हो.” बाईंनी पुन्हा काही विचारलं. मुकादम पुन्हा म्हणाले, “हो.” बाईंनी लिहून घेतलं आणि सही करायला कागद पुढे केला. चष्मा घरी राहिला होता. मुकादमांनी सही केली.

काही दिवसांनी मेहुणी घरी आली. तिच्याबरोबर तिचा दीर होता. ती मुकादमांशी एक अक्षर बोलली नाही. आत ताईपाशी बसली, आणि ती गेल्यावर बायको बाहेर येऊन मुकादमांच्या अगदी समोर उभी राहिली. ती रडत नव्हती. एकेक शब्द सुटा करून बोलली.

“तुम्ही सांगितलंत की तो परवानगी न घेता कान झाकून काम करायचा?”

“मी? मी कशाला सांगू?”

“तुम्ही त्याला अडवलं होतं, तरी त्यानं ऐकलं नाही, असं सांगितलंत?”

मुकादमांना काही कळेना. मग हळूहळू कळलं. बाईंनी हेच विचारलं होतं. मयताची स्वतःची चूक, असं कागदावर आलं होतं आणि मेहुणीला इस्पितळाकडून काहीही मिळणार नव्हतं.

बायको म्हणाली, “तुम्हाला प्रश्न ऐकूच आला नव्हता ना?”

मुकादम खुर्चीत बसले. मग त्यांनी मान हलवली, आणि त्या दिवशी बायकोला पहिल्यांदा त्या होकाराचा अर्थ विचारावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ते भांडारप्रमुखांकडे गेले. साहेबांनी त्यांना समजावलं. झालं ते झालं, आता स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेता. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. मुकादम त्यांच्या ओठांकडे बघत होते आणि पहिल्यांदाच म्हणाले, “साहेब, तुम्ही काय बोलताय ते मला अर्धंच कळतंय. मला ऐकू येत नाही. त्या दिवशीही आलं नव्हतं. तेवढं त्या बाईंना कळवा.”

इस्पितळातच कान तपासले. तपासणाऱ्या पोरीनं खालच्या मजल्यावरच्या एका बंद खोलीत त्यांना बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाली. मुकादम बटणावर अंगठा ठेवून बसले. पोरगी काचेपलीकडून पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, काका, इतकी वर्षं काम कसं केलंत? मुकादमांनी तिचे ओठ वाचले आणि ते जिन्याकडे वळले.

चौकशी पुन्हा उघडली. या वेळी बायको शेजारी बसून प्रत्येक प्रश्न त्यांना समोरून सांगत होती. मुकादमांनी सांगितलं की कान झाकायला कुणीही मनाई केली नव्हती, तशी आवरणं इस्पितळानंच आधी दिली होती. कान उघडे असते तरी त्या मशीनखाली काही ऐकू आलं नसतं. ते मशीन मी निवडलं. अंगणात गाडी आत घेताना एक माणूस उभा करायला हवा होता, तो मी केला नाही. बाईंनी सगळं लिहून घेतलं. मयताची चूक कागदावरून गेली. मेहुणीला तिचं मिळालं. मुकादमकी त्याच महिन्यात गेली.

सगळं मार्गी लागल्यावर मुकादम तिच्याकडे गेले. बायको बरोबर होती. दोन खोल्यांचं घर, दारामागे साडूचा कामाचा कोट अजून तसाच. मेहुणीनं पाणी दिलं. मुकादम म्हणाले, “माझ्या हातून फार मोठं चुकलं. मला माफ कर, असं मी म्हणणार नाही.”

ती समोर बसली आणि त्यांच्याकडे सरळ बघत बोलली, म्हणून त्यांना सगळं कळलं.

“भाऊजी, मशीनं बघायला आणली त्या दिवशी हे घरी खुशीत आले होते. म्हणाले, मी भाऊजींना सांगितलं, मोठं नको, त्यात आजूबाजूचं काही म्हणजे काही कळत नाही, मधलं घेऊया. आणि भाऊजी लगेच हो म्हणाले. म्हणाले, मला वाटलं होतं ऐकणार नाहीत, पण ऐकलं.” तिनं पाण्याचा रिकामा पेला उचलला. “मग मोठंच आलं. मी म्हटलं, विचारा ना त्यांना. तर म्हणाले, नको, त्यांनी मला कामाला लावलंय, त्यांनी काहीतरी विचार केला असेल.”

मेहुणी उठून आत गेली. बायकोनं त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना उठवलं. जिना उतरताना त्यांचा तोल गेला, आणि तिनं कठड्याला धरून दोघांनाही सावरलं.

आता मुकादम धुलाईघरात चादरींच्या घड्या घालतात. त्यांना कानात घालायची यंत्रं मिळाली आहेत. त्या यंत्रांनी भांड्यांचा आवाज फार मोठा होतो, माणसांचा तेवढा नाही. बागेचं काम बाहेरच्या लोकांकडे गेलं. ते मोठं मशीन त्या लोकांनी स्वतःकडे घेतलं आणि पानगळीत अजून तेच चालतं. धुलाईघराच्या खिडकीची काच त्यानं थरथरते. घडी घालता घालता मुकादम काचेवर तळहात टेकवतात आणि मशीन लांब जाईपर्यंत तो तसाच ठेवतात. आता कुणी त्यांना भोंगा म्हणत नाही. ते बोलतातच कमी.

मेहुणी महिन्यातून एकदा ताईला भेटायला येते. येणं तिनं बंद केलं नाही. चहा घेते, बहिणीशी बोलते, कधी हसतेही. मुकादम त्याच खोलीत बसलेले असतात. तिला माहीत आहे की चेहरा दिसला नाही तर त्यांना काही कळत नाही. ती खुर्ची थोडी फिरवून, खिडकीकडे तोंड करून बसते.