चिंचेवरचा नंबर
आमच्या सोसायटीत परवा जिन्याचे कठडे रंगवले आणि ऑइलपेंटच्या वासाने मला उत्तनजवळची ती टेकडी आठवली. मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं तोडण्याआधी मोजायची होती आणि खोडांवर लाल नंबर काढायचं काम माझ्याकडे होतं. भर उन्हात एका चिंचेखाली लुगडं नेसलेली म्हातारी बसली होती. झाड तिच्या नवऱ्याने लावलेलं. मी तिला समजावलं, मेट्रो विजेवर चालते, रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील, धूरही कमी होईल. “चांगलं हाय,” ती म्हणाली, “माझी नात धुरानं सारखी खोकते. मेट्रो पायजेच. पन ह्या झाडाला नंबर नको घालूस.” “माझ्या हातात नाही, मावशी.” “मंग कोनाच्या हातात हाय?” मी ब्रश रंगात बुडवला. शेवटी तीच उठली, पदराने खोडावरची धूळ पुसली आणि बाजूला झाली. मी नंबर काढला. मेट्रो हवी, असं मी आजही सगळ्यांना सांगतो. फक्त सांगताना मध्येच थांबतो, आणि समोरच्याला वाटतं, माझं बोलणं संपलं.