कडी वाजली की एक बोट

घरातून बाहेर पडताना तोंड भरून 'जातो' म्हणणारा माणूस उभ्या खानदेशात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या माडीवर भाडेकरू म्हणून आला. पहिल्याच दिवशी जिना उतरून दारात थांबला आणि म्हणाला, "अक्का, जातो." माझ्या हातातलं ताट पडायचंच बाकी होतं. "अरे मेल्या, 'येतो' म्हणावं! 'जातो' कोण म्हणतं? ज्याला परत यायचं नसतं तो!" तर शांतपणे म्हणतो, "आत येताना 'आलो' म्हणालो होतो ना? मग जाताना 'जातो'. नाहीतर हिशोब जुळत नाही." मूळचा धुळ्याकडचा, अंगाने काडी, आणि नजर अशी, की आपल्याशी बोलताना आपल्या पाठीमागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघतोय. मागे वळून बघायची सवय मोडायला मला बरेच दिवस लागले.

खोली बघायला आला तेव्हा मी विचारलं होतं, काय करतोस? म्हणाला, "कर्नलचा ड्रायव्हर लिहितो." मला वाटलं, लष्करातल्या कुणा साहेबाची गाडी चालवत असेल, म्हणजे शिस्तीचा असणार. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पण 'लिहितो' हे क्रियापद काही कानात शिरलं नाही. नंतर कळलं, कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी आणि ड्रायव्हर म्हणजे त्याचे हुकूम एकेका भागाला पोचवणारा प्रोग्राम. त्याची कंपनी केळीच्या बागेत पाण्याचे व्हॉल्व्ह आपोआप उघडणारी पेटी बनवत होती. पेटी बॅटरीवरची, म्हणून काम नसलं की तिने झोपायचं आणि वेळ झाली की उठायचं. पण मेली झोपायची ती उठायचीच नाही. लागवडीआधी उठली नाही तर याची नोकरी जाणार होती, आणि उठली तर बढती मिळून पुण्याला जाणार होता. म्हणजे कसंही झालं तरी माझी माडी रिकामीच. डोक्यावर माणसाच्या पावलांचा आवाज असण्याची मला सवय झाली होती हो. मी देवापुढे हात जोडायची, "पेटीला उठव रे बाबा, पण सावकाश उठव."

झोपलेल्या कुणालाही तो हात लावत नसे. त्याचं म्हणणं, पेटीतल्या प्रत्येक भागाला एक ठोका लागतो, त्याला क्लॉक म्हणतात. ठोका बंद असताना त्या भागाला हात लावला, की अख्खी पेटी जागच्या जागी गारठते. हाच नियम त्याने माणसांनाही लावला. एकदा भर उन्हात आम्हाला बाजारात जायचं होतं आणि नाक्यावरचा रिक्षावाला मागच्या सीटवर आडवा झाला होता. याने आधी त्याच्या तोंडावरचा रुमाल दोन बोटांनी अलगद उचलला, उजेड पडू दिला, आणि हात बांधून समोर उभा राहिला. मी घामाने निथळतेय आणि हा म्हणतो, "थांबा अक्का, ठोका सुरू होऊ द्या." रिक्षावाल्याने डोळे उघडले, तर समोर हा, टक लावून बघत असलेला. असा किंचाळला बिचारा! त्या दिवशी आम्ही चालतच गेलो.

पेटीचं खरं भय दुपारचं होतं. वैशाखात आमच्या जळगावच्या गल्लीत बाराच्या सुमाराला चिटपाखरू नसतं. कुत्रीसुद्धा गटारात पोट टेकून पडलेली. तो खाली जेवायला आला, की वर पेटी गारठायची. तो शेजारी बसला, तपासायची वायर जोडली, की शहाण्या मुलीसारखी झोपायची आणि उठायची. वायर काढून पाठ फिरवली, की संपलं. मेली म्हणावं तर अंग कोमट, जिवंत म्हणावं तर हाकेला ओ नाही. शेवटी तो माझा हातआरसा घेऊन गेला. जिन्यात पाठमोरा बसून आरशातून तिच्याकडे बघायचा, म्हणजे तिला कळू नये! वरून त्याचं अहिराणीतलं बोलणं ऐकू यायचं, "काय व्हयनं वं माय तुले? बठ्ठं बराबर शे, तरी उठत नही?" आणि मग तो गप्प व्हायचा, जणू कुणीतरी उत्तर देतंय. मी खाली वरण ढवळताना हात थांबवून ऐकायची. एवढ्या उकाड्यात अंगावर काटा यायचा.

आता माझंही एक वेड सांगून टाकते. माझ्या पोर्चमधला दिवा रात्रंदिवस चालू असतो. आमचे हे अशाच एका दुपारी "येतो गं, दही घेऊन" म्हणून गेले आणि गल्लीच्या वळणावर कोसळले. येतो म्हणून गेलेल्या माणसामागे दिवा कसा मालवायचा? सगळे हसतात. याने मात्र पहिल्या आठवड्यात विचारलं, मी सांगितलं, आणि तो म्हणाला, "दिवा बरोबर आहे. 'जातो' म्हणालेच नाहीत, म्हणजे मोजणीत ते आहेत." त्याच्या पेटीतही तसंच होतं म्हणे. जो आत येईल त्याने 'आलो' सांगायचं, काम झालं की 'जातो'. आत कुणी उरलं नाही, तरच ठोका बंद करायचा. घरातही तो बोटं मिटून मोजायचा. एकदा जेवताना फाटकाची कडी वाजली. मी उठून पाहिलं, कुणी नाही, वाराही नाही. आत आले तर याने एक बोट मिटलेलं. "कोण आलं रे?" "कोणास ठाऊक. कडी वाजली ना, मग मोजायचं." आणि आमटी ओरपत म्हणाला, "घरात आपण दोघं, अक्का. माझ्या मोजणीत रोज तीन भरतात."

मग तो दिवस आला. समोरच्या काकू विरजण मागायला आल्या. बायकांचं निघणं तुम्हाला ठाऊकच आहे. "चला, येते" म्हणून उठल्या, दारात धाकट्या सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं, आणि "बरं, येते हं" म्हणून गेल्या. हा भाताचा घास हातात धरून बोटांकडे बघत बसलेला. एकाएकी पांढराफटक पडला. "अक्का, काकू दोनदा गेल्या!"

"अरे, बोलायची रीत असते ती."

"विरजण मिळालं, काम झालं, तेव्हा एकदा स्वतःच्या गेल्या. दुसऱ्यांदा कुणाच्या नावाने गेल्या? आत अजून माणूस होता, त्याचा आकडा घेऊन गेल्या!" आणि खरकट्या हाताने जिन्यावर धावला.

आत अजून माणूस होता! मी पोर्चमध्ये पळाले. दिवा विझलेला. मी खांबाला धरून खाली बसले आणि मोठ्याने रडले, अगदी त्या दुपारी रडले होते तशी. गल्लीचीच लाइट गेली होती, हे शेजारचा पंखा थांबलेला पाहून मला नंतर कळलं. लाइट आली, दिवा लागला, तेव्हा कुठे मी खांब सोडला.

वर त्याला सापडलं होतं. कुठलीशी चूक झाली, की प्रोग्राममधला एक भाग दोनदा 'जातो' म्हणायचा. मोजणी शून्यावर यायची आणि आत काम करणाऱ्याच्या अंगावरच ठोका बंद व्हायचा. वायर जोडली, की बघणाराही आत एक धरला जायचा, म्हणून शून्य कधी होतच नव्हतं. त्याने एक 'जातो' खोडला आणि पेटी पाठ फिरवल्यावरही उठू लागली. पुण्याचं पत्र लगेच आलं.

निघाला त्या दिवशी मी मुद्दाम स्वयंपाकघरात डबे आपटत राहिले. त्याच्या तोंडचं 'जातो' मला ऐकायचं नव्हतं. बॅगा उतरल्याचा आवाज आला, दाराशी तो थांबला. मग म्हणाला, "अक्का, येतो."

एकदाच म्हणाला. फाटकाशी थांबून पुन्हा नाही म्हणाला.

माडी रिकामी आहे, दुसरा भाडेकरू मी ठेवला नाही. दुपारी कडी वाजली की मी जागची न उठता एक बोट मिटते. पोर्चमधला दिवा आता दोघांच्या नावाने जळतो. येऊ दे मेलं किती बिल येतं ते.