करडा माळ

मेंढ्यांच्या ओल्या लोकरीचा वास आला की मला येडगावजवळचा एक माळ आठवतो. तेव्हा मी उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीतले बदल नोंदवायचो. त्या चित्रांत हिरवळ लाल दिसते. आधीच्या उन्हाळ्यात करडा असलेला हा माळ नव्या चित्रात अर्धा लालभडक झाला होता. जुन्या नकाशावर आम्हीच तिथे ‘पडीक’ लिहिलं होतं, म्हणून आमच्या साहेबांनी तो अर्धा माळ घेऊन प्लॉट पाडणाऱ्या मालकाचा ‘हरित विकासा’साठी सत्कारही ठरवून टाकला. फक्त जागेवर जाऊन पाहिल्याची माझी सही बाकी होती. गेलो, तर तारेच्या कुंपणाआड पाणी पाजून वाढवलेलं शोभेचं गवत होतं आणि बाहेर मेंढरं घेऊन एक बाई उभ्या होत्या. “लई हिरवं केलंय भाऊ, पर मेंढरू आत गेलं की राखणदार काठी काढतो,” त्या म्हणाल्या. “आमचं गवात वाळलेलं व्हतं, पर त्याच्यावर उन्हाळा निघायचा. आता उरलेलं बी घेनार म्हनं.” मी तिथेच नकाशावरचं ‘पडीक’ खोडून ‘चराऊ कुरण’ लिहिलं आणि खाली सही केली. कचेरीत साहेब म्हणाले, “अहो राव, उपग्रहाला हिरवं दिसतंय ना?” मी म्हणालो, “उपग्रह मेंढ्या पाळत नाही, साहेब.” सत्कार बारगळला आणि कुरण म्हणून नोंद झाल्याने उरलेल्या माळावरचे प्लॉट अडले. आता तो माळ मोबाइलवरच्या उपग्रह-चित्रात कुणालाही दिसतो. त्याचा करडा अर्धा भाग मी पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने दाखवतो, आणि ते सभ्यपणे विचारतात, “इथे काहीच नाही का?”